नव्या भिंतीवरची हळद

दापोडीत ज्ञानदेव ओव्हाळला कुणी रंगारी म्हटलं की त्याचं टाळकं सरकायचं. "रंगारी भिंती रंगवतो," तो म्हणायचा, "मी मोटरसायकलच्या टाक्या रंगवल्यात. माणूस त्यात बघून भांग पाडायचा." आता पेट्रोलच्या टाकीत बघून भांग कोण पाडतं, हे त्याला विचारायची कुणाची टाप नव्हती. रेल्वे लायनीच्या कडेच्या त्या गल्लीत तो नुसता दारात खुर्ची टाकून बसला, तरी कॅरम खेळणारी पोरं आवाज खाली आणायची.

माणूस तसा वाईट नव्हता, पण ताठा भारी. आणि का नसावा? ज्या कंपनीच्या गेटबाहेर लोक अर्ज घेऊन दिवसदिवस उभे राहायचे, त्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये त्यानं पंचवीसेक वर्षं रंग फवारायची गन चालवली. नवी पोरं भरती झाली की सुपरवायझर त्यांना आधी ज्ञानदेवच्या मागे उभं करायचा. टाकीवरून गन अशी फिरायची, की कुठं थेंब नाही, कुठं ओघळ नाही. मग त्याच गनीनं त्याची छाती खाल्ली. रंगात हार्डनर म्हणून काहीतरी मिसळतात, त्याची वाफ छातीत बसली होती. डॉक्टरनं बरंच काही सांगितलं, त्यातलं ज्ञानदेवला एवढंच कळलं की पुन्हा त्या वासाला गेलास तर मेलास. कंपनीनं हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि पन्नाशीच्या आसपासचा, दिसायला धडधाकट गडी घरी बसला. नाक्यावरून भाजी आणायची म्हटलं तरी वाटेत थांबून दम्याचा पंप ओढायला लागायचा.

घरी बसलेला पुरुष म्हणजे घराला ताप, हे काय वेगळं सांगायला पाहिजे का? त्याची बायको सोजरबाई कासारवाडीतल्या एका मेसमध्ये चपात्या लाटायची. ती दमून घरी आली की हा तिला सांगणार, तव्याला कडेनं काजळी धरलीय, डब्याचं झाकण वाकडं बसलंय. शेवटी एकदा ती लाटणं घेऊनच वळली. "तुमची लाइन बंद पडली म्हणून माझ्या स्वयपाकघरात इन्स्पेक्शन लावू नका," म्हणाली. त्या दिवसापासून तो शौकतच्या दुकानात जाऊन बसायला लागला.

शौकतचं जडीबुटीचं दुकान होतं, बापाच्या वेळेपासूनचं. हिरडा, बेहडा, मंजिष्ठा, डिंक, शिकेकाई, असलं सगळं पोत्यांत आणि बरण्यांत. गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त. एका एप्रिलमध्ये विहाराच्या भिंतीवर जयंतीची अक्षरं लिहायची होती. मंडळाच्या पोरांनी हौसेनं ज्ञानदेवला बोलावलं आणि ऑइल पेंटचा डबा त्याच्या समोर उघडला. झालं! चार अक्षरं व्हायच्या आत हा भिंतीला पाठ टेकून खाली बसला, ओठ काळेनिळे. पोरं घाबरून पळाली. दुसऱ्या दिवशी शौकतच्या दुकानात तो मान खाली घालून बसला होता. "निळा रंग लावायची पण लायकी राहिली न्हाई माझी," म्हणाला.

शौकतनं बरणीतून निळीच्या दोन वड्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या. "अरे ज्ञानदेवभाऊ, रंग काय कंपनीत जन्मला का? ही झाडाची नीळ हाय. डिंकात घोट आणि लाव."

ज्ञानदेवनं सोजरबाईचा पाटा-वरवंटा घेतला. नीळ वाटली, बाभळीच्या डिंकाचं पाणी घातलं, पुन्हा वाटली. दोन दिवस वाटत होता. मग विहाराच्या भिंतीवर 'जय भीम' उमटलं, निळं, गडद, आणि त्याला कसला म्हणून वास नाही. छातीभर श्वास घेऊन त्यानं सगळी भिंत लिहून काढली. सोजरबाई बघायला आली तेव्हा तो बायकोसमोर, भर रस्त्यात, हसत होता. किती वर्षांनी हसला होता कुणास ठाऊक.

तिथून त्याला वेडच लागलं म्हणा ना. हिरडे भिजवायचे, एका डब्यात गंजके खिळे गुळाच्या पाण्यात कुजत ठेवायचे, दोन्ही एकत्र केलं की कुळकुळीत काळी शाई. मंजिष्ठा उकळली की लाल. पळसाची फुलं, डाळिंबाची सालं. भिंतीच्या रंगाला चिकटपणा यावा म्हणून चिंचोके भाजून, सोलून, शिजवून त्याची खळ. खोलीत असा वास सुटायचा की शेजारी विचारायचे, ओव्हाळांकडं काय मेलंय का? शौकत त्याच्या शाईच्या बाटल्या दुकानात ठेवायचा. पिंपळे गुरवमधल्या सुंदर अक्षराच्या क्लासची पोरं त्या घेऊन जायची. पोट भरावं एवढं त्यात काही नव्हतं, पण माणसाला सकाळी उठावंसं वाटत होतं.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे, आणि ती आहे त्याच्या पोराची.

सनी त्यांचा एकुलता एक. शाळेत जेमतेम, आयटीआय अर्धवट. पण हात बापाचा. जयसिंग नावाचा लेबर काँट्रॅक्टर होता चाकणला, कधीकाळी ज्ञानदेवच्या हाताखाली हेल्पर म्हणून राबलेला. त्यानं सनीला गाड्यांचे बंपर रंगवायच्या एका शॉपमध्ये लावला. बापाला न विचारता पोरगा गेला. ज्ञानदेवनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताट भिरकावलं. पण खरं सांगायचं तर आतून एवढासा सुखावलाही होता, की ओव्हाळचा पोरगा म्हणून त्याला थेट गन दिली, सँडिंगला, म्हणजे घासकामाला, नाही बसवलं. ते सुख पुढं त्याला फार महागात पडलं.

वर्ष-दीड वर्षात सनी खोकायला लागला. सगळे म्हणायचे हवा बदललीय, धूळ आहे, सिगारेट ओढत असेल. ज्ञानदेव नुसता पोराची छाती ऐकत राहायचा. सोमवारी पोरगा बरा असायचा. गुरुवारी कामावरून आला की छातीत शिट्टी वाजायची. रविवारी सुट्टीला पुन्हा बरा. हा हिशोब त्याला पाठ होता, कारण त्याच्या स्वतःच्या छातीचा तोच झाला होता. त्याच्याही वेळी सगळे धुळीलाच शिव्या देत होते. आणि त्याला हेही माहीत होतं, की हा रविवारचा बरेपणा एक दिवस येईनासा होतो.

"सोड ते काम," तो म्हणायचा.

"आणि करू काय?" सनी म्हणायचा. "तुमचा पंप कुठून येतो पप्पा? माझ्या कार्डावरून येतो."

खरंच होतं ते. ईएसआयचं, कामगार विम्याचं, कार्ड सनीच्या नोकरीचं, त्यावर आईबापांची नावं. म्हणजे बापाच्या छातीचं औषध पोराच्या छातीतून येत होतं. ज्ञानदेव पंप ओढायचा तेव्हा भिंतीकडं तोंड करायचा, पोराला दिसू नये म्हणून. देवाला मानत नव्हता तो, नाहीतर त्यालाच चार शिव्या घातल्या असत्या. आता घालणार कुणाला? एकच ध्यास घेतला होता, पोराला त्या रंग फवारायच्या बूथमधून बाहेर काढायचं, बाकी काही होवो.

आणि अशात मंजुषा मॅडम आल्या. हिंजवडीत आयटीत होत्या, ती नोकरी सोडून शेजारच्या माण गावात एका नव्या टॉवरमध्ये तळमजल्यावर पाळणाघर काढत होत्या. शौकतच्या दुकानात कशाला तरी आल्या आणि शाईच्या बाटल्या बघून थांबल्या. "भिंतीचा रंग करता येईल का असा? मुलं भिंती चाटतात हो काका, मला केमिकल नकोच आहे." मोठ्या हॉलची एक आख्खी भिंत, सूर्यफुलांचं शेत, वर सूर्य, खाली पिवळी पिल्लं. चांगलं झालं तर वाकडला आणि बाणेरलाही त्यांची पाळणाघरं निघणार होती, त्यांच्या ओळखीच्या शाळाही होत्या. वर्षभराचं काम, दोघांना पुरेल असं, त्या म्हणाल्या.

ज्ञानदेव घरी आला तो हवेत. "सनी, सोड नोकरी. उद्याच सोड."

"आठवड्याची सुट्टी टाकतो की. भिंत झाल्यावर बघू."

"जयसिंग सुट्टी देत न्हाई, मला म्हाईत हाय. आन् सुट्टी टाकलीस तर परत जाशील. दोर कापूनच टाक."

सोजरबाई म्हणाली, "अवो, आधी भिंत तर होऊ द्या. बाजारात तुरी आन् तुमचं काय चाललंय?"

"तू गप बस!" तो ओरडला आणि त्याला खोकला आला. सनी बापाकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पोरगा गेटपास जमा करून आला. जयसिंगनं फोनवर त्याला नाही नाही ते ऐकवलं.

पिवळा रंग हेच मोठं काम होतं, भिंत निम्म्याहून जास्त पिवळी. पळस मिळेना, त्याचा हंगाम सरला होता. ज्ञानदेवनं हळद घ्यायची ठरवली. हळद उन्हात उडते, हे सोजरबाईनं सांगितलं, शौकतनंही सांगितलं. "उन्हात ना?" तो म्हणाला. "हॉल तळमजल्याला हाय. ऊन येतंय कुठून?" आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. घरी पुठ्ठ्यावर लावून बघितलं, फळीवर लावून बघितलं, जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर बघितलं. पिवळाजर्द, झळाळता. सगळ्यांचं लक्ष उन्हाकडं होतं. भिंतीकडं कुणाचं नव्हतं.

माणला पोहोचले तेव्हा हॉलमध्ये पुट्टी मारून झाली होती, पांढरीशुभ्र, गुळगुळीत. बिल्डिंगचा पेंटर म्हणाला, प्रायमर मारून देतो. ज्ञानदेवनं हात वर केला. प्रायमर म्हणजे वास, वास म्हणजे केमिकल, मॅडमला नको आणि त्याच्या छातीला त्याहून नको. त्यानं भिंतीला खळीचा हात दिला, तोच त्याचा प्रायमर.

खळ वाळली तेव्हा सनीनं भिंतीवर तळवा ठेवला. "पप्पा, भिंत गार लागतेय."

"तळमजला हाय. गारच लागणार."

"नवीन प्लास्टर आहे. आत ओल नसेल ना? त्या पेंटरला विचारू का एकदा? काही भिंतीचं बघायला लागतं का ते."

आणि इथं, इथंच घात झाला. कारण ज्ञानदेवनं आयुष्यात कधी पृष्ठभाग बघितलाच नव्हता. कंपनीत टाकी त्याच्यापुढं यायची ती धुऊन, तेल काढून, फॉस्फेटची आंघोळ घालून, वाळवून. ते काम पीटीवाल्यांचं, म्हणजे रंगाआधी माल तयार करणाऱ्या पलीकडच्या लाइनचं. पेंटवाल्यानं त्यात नाक खुपसलं तर भांडणं व्हायची, युनियनपर्यंत जायची. पंचवीस वर्षं हेच अंगात मुरलं होतं, की समोर आलेला माल तयारच असतो, आपण रंगाचं बघायचं.

"भिंतीचं भिंतवाल्यांनी बघितलंय," तो म्हणाला. "आपलं काम रंगाचं. पेंटरला विचारायला मी काय काल आलोय का?" सनीनं तळवा काढला आणि शिडी लावली.

पुढचे दिवस मात्र ज्ञानदेवच्या आयुष्यातले सुखाचे होते, हे कबूल करायलाच पाहिजे. तो स्टुलावर बसून रंग घोटायचा, सनी शिडीवर. पोराचा हात बघून त्याचा ऊर भरून यायचा. पाकळी ओढावी तर एका दमात. दुपारी दोघं फरशीवर बसून सोजरबाईचा डबा खायचे. गुरुवार आला. ज्ञानदेव घास तोंडाशी धरून ऐकत होता. शिट्टी नव्हती. सनीची छाती स्वच्छ, लहानपणी झोपायचा तशी. "काय झालं? जेवा की," सनी म्हणाला. "मिरची लागली," ज्ञानदेव म्हणाला आणि डोळे पुसले.

शुक्रवारी भिंत पुरी झाली. मंजुषा मॅडम दारातच थांबल्या, दोन्ही हात तोंडावर. "काका, हे काय केलंत हो तुम्ही!" त्यांनी तिथल्या तिथं वाकडच्या जागेचं माप घ्यायला कधी येता विचारलं. खालच्या कडेला, फरशीजवळच्या एका पिल्लाचे पाय जरा तांबूस झाले होते. सनीनं ते बघितलं. मंजिष्ठेचा ब्रश लागला असेल, असं त्याला वाटलं. पिल्लाचे पाय तांबडे असतातच.

घरी येताना ज्ञानदेवनं बसच्या खिडकीतून सनीला नवे टॉवर दाखवले. "ह्यात, ह्यात आन् त्यात. समद्यांत पोरं असणार. समद्यांना पाळणाघर लागणार." सनी हसला. "पप्पा, तुम्ही आता बिल्डरसारखं बोलताय."

शनिवारी सकाळी मॅडमचा फोन आला. त्या ओरडत नव्हत्या. नुसतं म्हणाल्या, "काका, तुम्ही या."

हॉलमध्ये शिरल्यावर सनी आधी थांबला आणि मग ज्ञानदेव. सूर्यफुलं लाल झाली होती. लाल म्हणजे फुलासारखी नाही. सुकलेल्या रक्तासारखी, तपकिरी-लाल, डागाडागांची. सूर्याचा निम्मा चेहरा गेला होता. पिल्लांच्या तर अंगावर जखमा झाल्यागत, चोचीखालून लाल ओघळल्यासारखं. भिंतीतली ओल आठवडाभर खळीत मुरत मुरत त्या एका रात्रीत बाहेर फुटली होती.

ज्ञानदेव भिंतीजवळ गेला. बोट ओलं करून भिंतीवर घासलं आणि जिभेला लावलं. जीभ चरचरली. पानात जास्त झाला की चरचरते तशी.

चुना.

पुट्टी म्हणजे पांढरं सिमेंट आणि सिमेंट म्हणजे चुन्याचाच भाऊ. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. सोजरबाईची आई घरी कुंकू करायची, ज्ञानदेवनं सासुरवाडीत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. अरे कर्मा! अख्ख्या दापोडीत ज्याला रंगातलं कळतं म्हणून मान, त्याला एवढं कळू नये? विचारायला काय जात होतं? भिंतवाल्याला एक शब्द विचारायला काय जात होतं?

"लिंबू," तो म्हणाला. "सनी, लिंबं आण. पळ."

सनी पळाला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून पिशवीभर लिंबं आणली. ज्ञानदेवनं लिंबू कापलं आणि एका पिल्लाच्या तोंडावर घासलं. लाल उतरलं. पिल्लू पिवळं झालं, जसं काल होतं तसं. "बघा! बघा मॅडम!" त्याचा आवाज चिरकला. "आंबटानं जातंय! समदी भिंत पुसून काढतो, संध्याकाळपर्यंत..." तो दुसऱ्या पिल्लाकडं वळला, तिसऱ्याकडं वळला, लिंबू पिळत, घासत, गुडघ्यावर सरकत. त्याच्या हाताखालून पुट्टी फसफसून पांढऱ्या पाण्यासारखी ओघळत होती, ते त्याला दिसत नव्हतं. सनीला दिसत होतं. आणि सनीला हेही दिसलं, की पहिलं पिल्लू पुन्हा लाल व्हायला लागलंय.

"पप्पा."

"आणखी लिंबं आण."

"पप्पा, बास." त्यानं बापाचं मनगट धरलं. "आख्ख्या भिंतीत चुना आहे. कितीही पिळलंत तरी."

मंजुषा मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. उद्या उद्घाटनाला पालक येणार होते, पत्रिका छापून झाल्या होत्या, फुगे येऊन पडले होते. "काका, माझा तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलं घाबरतील हो. मला हे झाकायलाच लागेल." राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी ज्ञानदेवला भांडता तरी आलं असतं. वाकडचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यानंही काढलं नाही.

बिल्डिंगचा पेंटर आला. भिंत बघून म्हणाला, हळद आहे, पाण्याच्या रंगातून वर फुटणार, ऑइल प्रायमरच मारावा लागेल, आणि एकट्याच्यानं उद्यापर्यंत होणार नाही. सनीनं बाह्या वर केल्या. "मी मारतो," म्हणाला. "आमची घाण आहे." डबा उघडला तसा तो वास आला आणि ज्ञानदेवला बाहेर जावं लागलं. पार्किंगमध्ये एका खांबाला टेकून तो बसून राहिला. काचेतून त्याला दिसत होतं, सनी रोलरनं एकेक सूर्यफूल पांढरं करत होता. त्याचा हात किती सफाईनं चालत होता. तोंडाला नुसता रुमाल बांधला होता. एक भिंत झाकेपर्यंत तो कितीदा तरी खाली वाकून खोकला.

रविवारपर्यंत ज्ञानदेवचा पंप संपत आला होता. हलवला तर नुसती हवा. सोजरबाईनं तो हातात घेऊन बघितला आणि फळीवर ठेवला. कार्ड आता किती दिवस चालेल, हेच तिघांच्याही डोक्यात होतं.

सनी आज मागच्या गुरुवारांपेक्षा जास्त खोकत होता. मध्येच म्हणाला, "पप्पा, जयसिंगला फोन करा. माझा घेत नाही तो. तुमचा घेईल."

"दुसरं काहीतरी बघू," ज्ञानदेव म्हणाला.

"काय बघू? सांगा ना काय बघू. सिक्युरिटीत बघितलं, निम्मा पगार, कार्ड नाही. डिलिव्हरीला कार्ड नाही. मला गन येते पप्पा. दुसरं काही येत नाही मला. तुम्हाला तरी आलं का?"

हे त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. ज्ञानदेवनं फोन घेतला. जयसिंगचं नाव शोधून दाबायला त्याला वेळ लागला.

जयसिंगनं उचलला. आधी मोकळेपणानं बोलला, उस्ताद कसे आहात, तब्येत कशी. मग म्हणाला, पोरानं भर लोडमध्ये तोंडघशी पाडलं, त्याची जागा भरली. ज्ञानदेवनं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपल्या जुन्या हेल्परला "साहेब" म्हटलं. "चूक माझी हाय साहेब. पोराची न्हाई. मीच सोडायला लावलं."

"एक जागा आहे," जयसिंग म्हणाला. "मिक्सिंग रूममध्ये. हार्डनर भरायचं काम. पण उस्ताद, तिथं आता भानगडी फार वाढल्यात. मागच्या पोराला दम लागला आणि माझ्यावर आलं सगळं. सनी जाताना खोकत होता म्हणत होते लोक. मी कागद-बिगद मागत नाही, तुमच्या शब्दावर घेतो. तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याची छाती साफ आहे ना?"

ज्ञानदेवनं सनीकडं बघितलं. सनीनं सगळं ऐकलं होतं, फोन मोठ्या आवाजात होता. त्याला नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. त्यानं दोरीवरचा टॉवेल ओढला, चुरगाळून तोंडात कोंबला आणि भिंतीला कपाळ लावून उभा राहिला. पाठ हलत होती. आवाज नव्हता. सोजरबाई उठली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

"उस्ताद? आहात का?"

"हाय की," ज्ञानदेव मोठ्यानं म्हणाला. टॉवेलमधून काही निसटलंच तर ऐकू जाऊ नये म्हणून तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला, जवळजवळ ओरडतच. "साफ हाय! एकदम साफ! त्याला कायबी झालेलं न्हाई! उद्यापासून घ्या त्याला!"